वीतभर जागा, दणदणीत आवाज

रविवार, १ फेब्रुवारी

भिंगरीने आज पुन्हा अर्ध्यातून पळ काढला.

भिंगरी म्हणजे माझी नात. एका जागी बसत नाही म्हणून मी ठेवलेलं नाव. लेक आणि जावई नोकरीपायी लांबच्या गावी राहतात, त्यामुळे ही सहा वर्षांची पोर मला भेटते ती रविवारी सकाळी, कॉम्प्युटरच्या पडद्यावर. आज ती पडद्याच्या इतकी जवळ आली होती की नुसतं तोंडच दिसत होतं. त्या तोंडातून ती मला काहीतरी विचारत होती. पुन्हा पुन्हा विचारत होती. माझ्या हाती लागलं ते एवढंच: "आजोबा, सात... का?"

"सात?" मी म्हणालो. "सात वाजता काय आहे? मोठ्यानं बोल की, बाळा!"

तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि खुर्ची रिकामी झाली. मग लेक पडद्यावर आली, काहीतरी पुटपुटली आणि फोन बंद.

"काय म्हणत होती गं?" मी हिला विचारलं. ही शेजारीच मशीनवर कुणाचे तरी पडदे शिवत होती. मान वर न करता तीही पुटपुटली. हल्ली सगळेच पुटपुटतात. आमच्या कारखान्यात पुटपुटणारा माणूस एक पाळीसुद्धा टिकला नसता.

दोष कुठे आहे ते मी ओळखलंय. कॉम्प्युटरचा आवाज. पत्र्याचे डबे करणाऱ्या कारखान्यात फोरमन म्हणून मी उभी हयात काढली. रांगेने प्रेस धडधडत असताना डोळे मिटून सांगायचो, पलीकडच्या टोकाच्या मशीनचा साचा झिजलाय म्हणून. इतक्या तिखट कानांना जर नातीचं बोलणं कळत नसेल, तर दोष कानांचा कसा असेल? चांगले स्पीकर घ्यायचं ठरवलं. नातीचं म्हणणं आजोबाला कळू नये म्हणजे काय!

अडचण टेबलाची. ते हिच्या मालकीचं. अर्ध्यावर शिवणयंत्र, उरलेल्या अर्ध्यावर कॉम्प्युटर, मध्ये कापडाचे तुकडे. ही माझ्यासमोर येऊन उभी राहिली, हात पसरून दाखवला आणि म्हणाली, "एक वीत जागा देते. माझी वीत हं, तुमची नाही."

हे मात्र स्वच्छ ऐकू आलं. मनात असलं की हिला नीट बोलता येतं.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

चौकातल्या दुकानात जाऊन आलो. तिथल्या मालकाला मी मनातल्या मनात ‘दणदणीत’ म्हणायला लागलोय, कारण प्रत्येक वस्तूबद्दल तो तेवढं एकच सांगतो. हा स्पीकर? दणदणीत. तो? दणदणीत. मी टॉर्च उचलून पाहिला तर तोही दणदणीत.

दोन मुठींएवढी जोडी घेतली. घरी खोकं उघडायला बसलो तेव्हा हिने आतल्या खोलीतून विचारलं, "खात्री आहे का?"

"म्हणजे काय! वर्षभराची आहे," मी म्हटलं. "काही झालं तर बदलून देणार."

ही बाहेर आली, माझ्या मांडीखाली दबलेली कात्री ओढून घेतली आणि आत गेली. खोकं मी दातांनी उघडायचा विचार केला होता, पण कवळी नवी आहे. शेवटी सुरीने उघडलं.

रविवार, ८ फेब्रुवारी

प्रगती आहे, पण पुरेशी नाही.

भिंगरीला बोलताना तोंडात बोट घालायची नवी खोड लागलीय. बोट आत घालते आणि काहीतरी हलवत बसते. "बोट काढ, मग कळेल!" मी सांगितलं. तिने काढलं आणि विचारलं. यावेळी मला अर्धं वाक्य मिळालं. "आजोबा, हात... दुखतं का?"

मला भरूनच आलं. एवढीशी पोर, आणि आजोबाच्या हाताची चौकशी करते! मी तिला सगळं सांगितलं. हात दुखत नाही पण खांदा दुखतो, विशेषतः उजवा, वर नेताना. वर नेऊनही दाखवला. कुठलं तेल चोळतो, कुणी सांगितलं, आधी कुठलं चोळत होतो, तेही सांगितलं. तेल चोळण्याची दिशा समजावत होतो तेव्हा पडद्यावर नुसती भिंत होती.

ही मशीन थांबवून माझ्याकडे बघत होती. मग स्वतःच्या दातांवर बोट ठेवून म्हणाली, "दात! दात!"

"घातलेत की," मी म्हटलं आणि कवळी दाखवली.

हिने कपाळावर हात मारला. कवळी न घालता मी पडद्यासमोर बसतो असं हिला का वाटावं, समजत नाही.

ही स्पीकरजोडी बदलून आणणार. दम नाही त्यांच्यात.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

एकट्याने निवड करण्यापेक्षा जाणकाराला सोबत न्यावं म्हणून आमच्या वेल्डरला घेऊन गेलो. हा माझ्याच कारखान्यातला, माझ्याच वयाचा, गाण्याचा दर्दी. घरी रेडिओ लावला की शेजारच्या गल्लीत दुसरा लावावा लागत नाही, असा त्याचा लौकिक आहे.

दणदणीतने आठ-दहा जोड्या मांडल्या आणि एकेक लावून दाखवली. आम्ही दोघं खुर्च्या ओढून समोर बसलो.

"कशी वाटते?" मी वेल्डरला विचारलं.

"साडेअकरा," तो घड्याळ बघून म्हणाला.

"अरे, ही जोडी!"

"गोडी आहे. पण आवाज बारीक."

माझंही तेच मत होतं. असा एकमताचा माणूस मिळणं कठीण. प्रत्येक जोडीला आम्ही "वाढव, अजून वाढव" म्हणत गेलो. दुकानात मोबाइलचं कव्हर घ्यायला आलेले लोक एकेक करून निघून गेले. त्यांनाही माल पसंत पडला नसावा. दणदणीत स्वतः कानांवर हात ठेवून उभा होता. असला निकृष्ट माल दाखवायची त्यालाही शरम वाटली असेल, आणि ते मला आवडलं.

शेवटी एक संच काढला. टेबलावर ठेवायला दोन चिमुकले स्पीकर आणि टेबलाखाली ठेवायला एक पेटी. ती पेटी म्हणे बेस देते. बेस म्हणजे खालचा, घुमणारा आवाज. टेबलाखालच्या जागेबद्दल ही काही बोललेली नाही.

शनिवार, १४ फेब्रुवारी

आज जोडणी झाली आणि हिच्याबद्दल एक नवीन गोष्ट कळली.

पेटीला बेसचं बटण आहे, गोल फिरवायचं. मी एक गाणं लावलं आणि फिरवून पाहत होतो. ही स्वयंपाकघरातून धावत आली आणि दारात उभी राहून ओरडली, "बेस! बेस!"

मी वाढवला.

"अहो, बेस! बेस!" दोन्ही हात वर करून.

आणखी वाढवला. जमीन पायाखाली गुदगुल्या करायला लागली. ही टाळ्या वाजवल्यासारखं काहीतरी करत होती. मी बटण शेवटपर्यंत नेलं तेव्हा फळीवरचा एक कप खाली आला आणि हिने भिंतीतून वायरच उपटली.

"बास म्हणतेय मी!" हे तिने माझ्या कानाला तोंड लावून सांगितलं. "बास! पुरे!"

मग आधीच ‘पुरे’ म्हणायचं. संसाराला इतकी वर्षं झाली आणि हिला आवाजातलं कळतं असं अर्धा मिनिट वाटलं, तेवढंच सुख.

रविवार, १५ फेब्रुवारी

आज लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

आवाज भरपूर होता. पिंपात बसून कुणी बोलावं तसा. भिंगरी काहीतरी म्हणाली, पिंप घुमलं. "काय?" मी विचारलं. ती पुन्हा म्हणाली, पुन्हा घुमलं. "काय? काय म्हणतेस? नीट बोल!" तिने दोन्ही तळवे कानांवर ठेवले, ओठ काढला आणि पळाली. लेकीने हात हलवून नंतर बोलते अशी खूण केली.

दुपारी लेकीचा मोबाइलवर मजकूर आला. "बाबा, ती म्हणते आजोबा माझ्यावर चिडलेत. पुढच्या रविवारी बसायला तयार नाही. समजावते मी."

मी? तिच्यावर? जगात एकाच माणसावर मी कधी चिडलो नसेन तर ती भिंगरी. लेकीला लगेच कळवलं, "चिडलो नाही. स्पीकर खराब आहेत." पण ते सहा वर्षांच्या मुलीला कोण पटवणार? जेवण गेलं नाही.

सोमवार, १६ फेब्रुवारी

सकाळी जिन्यात डॉक्टरबाई भेटल्या. आमच्या बरोबर खाली यांचा दातांचा दवाखाना आहे, रविवारीसुद्धा चालू असतो. थांबून, माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "जावयांना बढती मिळाली, अभिनंदन!"

मी थक्क झालो. ही बातमी मलाच लेकीने लिहून कळवली तेव्हा कळली. काल म्हणे फोनच्या सुरुवातीला तिने तोंडीही सांगितली होती. मग यांच्यापर्यंत गेली कशी? हिच्या पोटात काही राहत नाही हेच खरं. घरी येऊन हिला झापलं, तर ही खांदे उडवून शिवत बसली. चोरी ती चोरी, वर ढिम्मपणा!

शुक्रवार, २० फेब्रुवारी

संच परत केला. दणदणीत मला पाहून दुकानाच्या मागच्या बाजूला निघाला होता, पण मी गाठलं.

"हे बघ," मी म्हणालो, "नात बोलायची थांबलीय. आता चेष्टा नको. वीतभर जागेत बसेल आणि सगळ्यात जास्त वाजेल असं जे काही असेल ते काढ."

त्याने काचेच्या कपाटातून एक जोडी काढली. विटेच्या निम्मी, पण उचलली तर मनगट वाकलं. या खेपेला तो ‘दणदणीत’ म्हणाला नाही. हात जोडले आणि काहीतरी म्हणाला, बहुधा शुभेच्छा.

रविवार, २२ फेब्रुवारी

लेकीने भिंगरीला समजावून, मांडीवर धरून बसवलं. मी आवाज शेवटच्या खुणेपर्यंत नेला होता. स्पीकर टेबलावर थरथरत होते, हिची सुयांची डबी थरथरत होती.

भिंगरीने मला एकदाच विचारलं. अगदी हळू, डोळे मोठे करून. मला ‘आजोबा’ कळलं आणि शेवटचं ‘का’ कळलं. मधलं सगळं गेलं. पुन्हा "काय?" म्हणायची हिंमत झाली नाही. ती पळून गेली असती. म्हणून मी मान डोलावली आणि म्हणालो, "हो हो! खूप! खूप!"

तिचा चेहरा पांढरा पडला. तोंड हाताने गच्च दाबून ती मोठ्यानं रडायला लागली. ते रडणं मला दिसलं. लेकीने फोन बंद केला.

मी तसाच बसलो होतो. ही उठून दाराकडे गेली. दारात खालच्या डॉक्टरबाई. हातात रबरी मोजे, तोंडावर मास्क. तो त्यांनी खाली ओढला आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"काका, तुम्ही तिला काय सांगितलंत हे?"

"तुम्हाला काय माहीत मी काय सांगितलं?"

"अख्ख्या इमारतीला माहीत आहे! ती विचारत होती, दात पडतो तेव्हा दुखतं का. तिचा पुढचा दात हलतोय. किती रविवार विचारतेय! तुमच्या लेकीने सांगितलं, नाही दुखत म्हणून, आजींनीही सांगितलं, पण तिला ते चालत नाही. तिला आजोबांकडूनच ऐकायचंय. आजोबांचे सगळे पडलेत, म्हणजे त्यांनाच माहीत असणार. आणि आज तुम्ही म्हणालात, खूप! माझ्या खुर्चीतला माणूस ड्रिल बाजूला सारून उठून बसला. ‘जा, त्यांना सांगा’ म्हणाला. म्हणून आले."

माझा तिळपापड झाला. लोकांच्या घरातलं ऐकता, वगैरे काहीबाही मी बोललो. बाई शांतपणे ऐकून घेऊन खाली गेल्या. दिवसभर लोकांची उघडी तोंडं बघायची त्यांना सवय असावी.

मग ही माझ्यासमोर स्टूल घेऊन बसली. इतक्या जवळ ही खूप दिवसांत बसली नव्हती.

"अहो," ती म्हणाली, "मी पुटपुटत नाही."

एवढंच. आणि मला भीती वाटली. खरी भीती, कारखान्यात कुणाचा हात प्रेसखाली जाताना दिसावा तशी. स्पीकर अजून चालूच होते. त्यातून काही येत होतं की नाही, मला सांगता आलं नसतं.

बुधवार, २५ फेब्रुवारी

कान तपासायला गेलो. ही सोबत आली, पळून जाईन म्हणून.

एका कपाटाएवढ्या खोलीत बसवलं, डोक्यावर हेडफोन चढवले, हातात एक बटण दिलं. काचेपलीकडे एक तरुण मुलगी. बारीक शिट्टीसारखा आवाज आला की बटण दाबायचं. मी सावरून बसलो. सुरुवातीला घों घों असे जाडे आवाज आले, ते मी सगळे टिपले. कारखान्यातला माणूस मी, घों घोंला काय घाबरतो? मग शांतता. मी बटणावर अंगठा ठेवून वाट पाहत राहिलो. बराच वेळ पाहिली. शेवटी काचेवर टकटक केलं आणि म्हणालो, "अहो बाई, तुमचं यंत्र बंद पडलंय. शिट्ट्यांचं सुरू करा."

ती आत आली, हेडफोन काढले आणि माझ्यासमोर वाकून म्हणाली, "काका, शिट्ट्या वाजवून झाल्या."

तिने समजावलं. जाडे आवाज माझ्यापर्यंत येतात, बारीक येत नाहीत. त, थ, स, फ, क असली अक्षरं वाटेत गळतात. आणि लहान मुलांचा आवाज सगळाच बारीक. कारण विचारलं तर तिने उलट मलाच विचारलं, नोकरी कुठे केलीत. सांगितलं. तिने मान हलवली. पलीकडच्या टोकाचा साचा झिजलेला मला कळायचा, आणि इथे माझाच झिजत होता.

परत येताना ही रस्ताभर बोलली नाही. की बोलली, कोण जाणे.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

कानात दोन यंत्रं बसली. शेंगदाण्याएवढी. त्यांच्यातही म्हणे स्पीकरच असतो.

बाहेर पडलो आणि मेलो असं वाटलं. कागदी पिशवी एवढी ओरडते? माझ्या चपला चालताना भांडतात, हे मला कुणी का सांगितलं नाही? घरी फ्रिज कण्हतोय. नळाला सर्दी झालीय. वर्तमानपत्राचं पान उलटलं तर मीच दचकलो.

स्पीकर परत करायला गेलो. दणदणीतला कान दाखवला आणि विचारलं, "याच्यापेक्षा लहान आहे का तुझ्याकडे?" त्याने यंत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग कोपऱ्यातल्या रेडिओचा आवाज कमी केला आणि इतका मोकळा हसला की मलाही हसू आलं. वेल्डरला कान तपासायला कसं न्यायचं यावर आम्ही दोघांनी बराच विचार केला.

संध्याकाळी आणखी एक शोध. ही पुटपुटत नाही म्हणाली होती ते खोटं आहे. चांगली पुटपुटते. आज बसून सगळं ऐकलं. सगळं माझ्याबद्दल आहे. टॉवेल, दिवे, उघडं राहिलेलं दार, माझ्या बहिणीचा स्वभाव, काही सुटलं नाही. किती वर्षं हे चाललं असेल! मी एका मुद्द्याला उत्तर दिलं तर हिच्या हातून चमचा पडला. चमच्यानेही दणका दिला.

रविवार, १ मार्च

दात अजून लोंबकळतोय, तिने कुणाला हात लावू दिलेला नाही, असं लेकीने कळवलं होतं. ‘खूप’ शब्दाचा पराक्रम.

कॉम्प्युटरचा आपला साधाच आवाज ठेवला. पडदा उजळला. भिंगरी आईच्या मागे अर्धी लपलेली.

"भिंगरेऽ!" मी हाक मारली.

आणि माझे मीच कान झाकले. ही हाक प्रेसच्या रांगेपलीकडे जाणारी होती. इतके महिने मी पोरीचे या आवाजात लाड करत होतो! समोर तिनेही कान झाकले होते. आम्ही दोघं तसेच एकमेकांकडे बघत बसलो.

मी हात खाली घेतले. "भिंगरे," हळू म्हणालो.

"तुम्ही माझ्यावर चिडलात?" तिने विचारलं. प्रत्येक अक्षर आलं. ‘त’ आलं.

"नाही गं. कधीच नाही."

"मग ओरडता का?"

"मला वाटायचं तुला ऐकू येत नाही."

"मला येतं," ती म्हणाली.

मशीन थांबलं होतं. ही हातातलं कापड तसंच धरून बसली होती. मी म्हटलं, "आता मलाही येतं. विचार, काय विचारायचंय ते."

तिने आईच्या मागून बाहेर येऊन खुर्चीवर बैठक मारली आणि इतक्या गंभीरपणे विचारलं की मी ताठ बसलो. "दात पडतो तेव्हा दुखतं का?"

लेकीने मागून मानेने ‘नाही’ अशी खूण केली. पण या विषयातला जाणकार मी होतो, आणि एक चुकीचं उत्तर देऊन झालं होतं.

"थोडं," मी म्हणालो. "मुंगी चावते ना, तेवढं. मग संपतं. आणि तिथे एक खड्डा होतो, त्यात दिवसभर जीभ घालता येते. ते फार मजेचं असतं."

"दिवसभर?"

"शाळेतसुद्धा. कुणाला कळत नाही."

तिने जरा विचार केला. मग म्हणाली, "थांबा हं, आजोबा. आवाज येतो का ते ऐका." तोंड पडद्याला लावलं, दोन बोटं आत गेली, डोळे मिटले. मी श्वास रोखला. अगदी बारीक ‘टुक्’ झालं. पूर्वीच्या माझ्या कानांना त्याचा पत्ता लागला नसता.

"आला!" मी ओरडलो, आणि लगेच हळू म्हणालो, "आला."

तिच्या तळहातावर तांदळाएवढा दात होता. "मुंगीपेक्षा कमी दुखलं," ती म्हणाली, आणि जीभ खड्ड्यात गेली.

तेवढ्यात बेल वाजली. मी ऐकली आणि मीच उठलो. दारात डॉक्टरबाई, मास्क हनुवटीवर. त्यांच्या मागे पायरीवर एक रुग्ण, तोंडात कापसाचा बोळा, गाल सुजलेला, छातीवर दवाखान्याचा हिरवा रुमाल.

"आज खाली काहीच ऐकू आलं नाही हो," बाई म्हणाल्या. "आम्ही ड्रिल बंद करून बसलोय. पडला का?"

"पडला," मी म्हणालो. "तिने स्वतः पाडला." मग गेल्या रविवारी मी काय काय बोललो होतो ते आठवलं आणि त्यांची माफी मागितली. त्यांनी हात झटकला. रबरी मोजा केवढा वाजला!

मागचा रुग्ण पुढे आला आणि बोळ्याआडून म्हणाला, "हाब्बाह!"

"काय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"काय म्हणाले?" हिने आतून विचारलं.

दोघींनाही कळलं नव्हतं. मला कळलं. "शाब्बास म्हणतायत," मी सांगितलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "सांगतो तिला."